त्रेपन्नावी रिबन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि वाचून हसतो. बायको, सुनंदा, रागावते. "हसू नका, कोणाच्या जिवावरचं असते ते," म्हणते. पण काय करू... तीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढलेला माणूस मी. करंट डोळ्याला दिसत नाही, पण मीटर लावला की काटा हलतो. हलला तर आहे, नाही हलला तर नाही. माझं शास्त्र एवढंच. चौकातला उतारा ओलांडून ड्यूटीवर गेलोय, तोही अमावस्येला, आणि संध्याकाळी धडधाकट घरी येऊन जेवलोय.

मग हे काहून लिहून राहिलो? तर तीन महिने झाले, एक गोष्ट डोक्यातून निघत नाही. भीती वाटत नाही. थकलोय. सगळ्या बाजूंनी अर्थ लावून लावून थकलोय, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

नागपूरहून सावनेरवरून खाप्याला गेलात आणि कन्हान नदी ओलांडली की थोड्या वेळात सागाचं जंगल सुरू होतं. वाघाचं राखीव जंगल त्याच्याही पलीकडे. हे बाहेरचं, साधं जंगल. अर्थात वाघाला हद्द कोण सांगणार! आमचा रनिंग ग्रुप दर हिवाळ्यात तिथे पन्नास किलोमीटरची ट्रेल रन ठेवतो. मॅरेथॉन बेचाळीसची असते, त्याच्या वर गेलं की अल्ट्रा म्हणायचं. डांबरी रस्ता नाही. पायवाटा, बैलगाडीच्या चाकोऱ्या, कोरडे नाले. वनखात्याची परवानगी, ॲम्ब्युलन्स, सगळं रीतसर. सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी पाचला संपलं. मोबाइलला रेंज नाही.

वाट चुकू नये म्हणून झाडांना नारिंगी रिबनी बांधतात. एक दिसली की पुढची शोधायची, तीही दिसली की तिच्या पुढची, असं करत जायचं. जंगलात तीच रिबन म्हणजे तुमचा जीव.

गुडघे गेल्यापासून मी धावत नाही, मी स्वीप असतो. स्वीप म्हणजे शेवटच्या धावकाच्याही मागे चालणारा. कोणी मागे राहिलं नाही हे पाहायचं आणि येता येता रिबनी सोडून पिशवीत भरायच्या, जंगलात कचरा राहू नये म्हणून. म्हणजे माझ्या पुढे वाट असते. माझ्या मागे वाट नसते, नुसतं जंगल. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिबनी बांधतोही मीच. कारण माझी गाठ. आम्ही नागपुरातल्या पाचपावलीचे कोष्टी. घरी दोन हातमाग होते. मी दहावी झालो तोवर ते बंद पडले, पण बाबांनी एक गाठ शिकवून ठेवली होती. वाऱ्याने सुटत नाही, पावसाने सुटत नाही, आणि एक टोक ओढलं की क्षणात मोकळी. दुसरं टोक ओढलं तर मात्र आणखीच आवळते. ग्रुपमधले पोट्टे कात्री घेऊन फिरतात आणि मला हसतात. हसू द्या. माझ्या एका हाताला चालता चालता जमतं.

आता बाबांबद्दल एक बारीक गोष्ट. ते डावखुरे होते. मी उजवा. त्यामुळे तीच गाठ त्यांच्या हातून उलटी पडायची. माझ्या गाठीत सोडायचं टोक उजवीकडे येतं, त्यांच्या गाठीत डावीकडे. लहानपणी त्यांनी बांधलेलं काही सोडायला गेलो की मी हमखास चुकीचं टोक ओढायचो आणि टपली खायचो. "उजवं नाही गा, डावं!" बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

यंदाची रन जानेवारीत, रविवारी होती. रिबनी मी शुक्रवारीच बांधल्या. शनिवारी दुपारची ड्यूटी होती, रात्री घरी येऊन झोपणार होतो. पण पुढच्या पाळीला येणाऱ्या रिलीव्हरच्या घरी कोणाची तब्येत बिघडली. मीच त्याला म्हटलं, जा तू, मी काढतो रात्र. पहाटे साडेचारला सुटलो आणि तसाच गाडीला किक मारून खाप्याकडे निघालो. डोळ्याला डोळा नाही.

प्रशांत आमचा म्होरक्या. नागपूरच्या महाल भागात दातांचा दवाखाना आहे त्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण शिस्तीचा. स्वीपची रात्रीची झोप झालेली असलीच पाहिजे, हा त्याचा नियम. त्याने सुरुवातीलाच विचारलं, "रमेशभाऊ, झोप झाली ना?"

"हो ना गा, आठ घंटे! मस्त झाली."

धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर त्याने मला चहा पाजून घरी पाठवलं असतं. आणि मग उरलं काय माझ्याकडे? धावणं गेलंच होतं. केंद्रातले लोक सोडले तर रात्र जागल्याचं फक्त सुनंदाला फोनवरून माहीत होतं. तिथल्या एकाही माणसाला नाही.

बासष्ट धावक सुटले. तिघं मध्येच गाडीत बसले, पोट आणि पाय बिघडून. तेहतीस किलोमीटरला चहापाण्याचं टेबल होतं, तिथे मी सव्वा वाजता पोचलो. टेबलावरच्या बाईंनी यादी दाखवली. बाकी सगळे टिक, पुढे गेले. शेवटचे दोघं आत्ताच निघाले, लाल टी-शर्टवाले. मी संत्र्याच्या दोन फोडी तोंडात टाकल्या आणि लाल टी-शर्टांच्या मागे लागलो.

तिथून एक्केचाळीसाव्या किलोमीटरला डांबरी रस्ता आडवा येतो. मधले आठ किलोमीटर सगळ्यात दाट. दोन फाटे फुटतात. चुकीचा घेतलात तर संध्याकाळपर्यंत माणूस दिसत नाही. या टप्प्यात मी बावन्न रिबनी बांधल्या होत्या. मोजून बांधतो, मोजून सोडतो, ही नोकरीची खोड.

आणि इथे माझी विकेट पडली. दुपारचं ऊन, पायाखाली सागाची वाळली पानं, तोच तो चर्र चर्र आवाज... चालता चालता माणसाला झोप लागते हे ऐकून होतो, त्या दिवशी कळलं. पाय चालून राहिले, हात गाठी सोडून राहिले, आणि मधला मी गायब. दूरवर लाल टी-शर्ट दिसतात एवढंच भान. एका ठिकाणी घाणेरीच्या झुडपात खसफसलं. मी थांबलो. हाक दिली, "कोणी राहिलं का गा मागं?"

उत्तर नाही. रानडुक्कर असेल म्हटलं आणि रिबन सोडून पुढे झालो.

या एका हाकेत काय चुकलं, ते विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्याकडे पुरुषाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं'. 'काहून गा' वेगळं, 'काहून वं' वेगळं. माझ्या तोंडात 'गा' आलं, कारण डोक्यात ते दोन लाल टी-शर्टवालेच होते.

झुडपामागे वैशालीताई होत्या. एकोणतीस नंबर. कन्हान गावी शाळेत शिकवतात, चाळिशीच्या आसपास, पहिलीच अल्ट्रा. पोट बिघडलं म्हणून आडोशाला गेल्या होत्या. पुरुषाची पावलं ऐकली, 'गा' ऐकलं, आणि त्यांना वाटलं, कोणी आपल्या सोबत्याला हाक मारून राहिला. अशा वेळी बाईमाणूस ओ कशी देणार? दम धरून बसल्या. मी गेल्यावर उठायला गेल्या तर पोटरीत गोळा आला. अर्धा तास तिथेच.

हे सगळं मला नंतर कळलं. मी आपला रस्ता ओलांडून लाल टी-शर्टांच्या मागे पाचला पाच कमी असताना शेवटच्या कमानीत शिरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी ताक दिलं. प्रशांत यादी घेऊन आला आणि त्याचा चेहरा पाहून ताक हातातच राहिलं.

"रमेशभाऊ, अठ्ठावन्न आले. एकोणतीस नंबर कुठी आहे?"

"माझ्या मागं कोणीच नव्हतं गा."

"मग पुढं असते ना! पुढं नाही आहे!"

मी पिशवीकडे पाहिलं. सगळी वाट त्या पिशवीत होती. त्या बाईच्या पुढची एकूणएक खूण मी माझ्या हाताने काढून आणली होती. बाबा म्हणायचे, "तुटला धागा ठेवून मागावरून उठू नये." किती का वाजेना, धागा जोडूनच उठायचे. मी उठून आलो होतो. तासाभरात अंधार होणार, आणि ती बाई तिथे एकटी.

बोलेरो काढली. प्रशांत चालवत होता. मागे मी पिशवी उलटी करून त्या टप्प्याच्या रिबनी मोजल्या. त्यांची जुडी वेगळी असते. एखादी सुटायची राहिली असेल, दोन राहिल्या असतील, ही आशा. दोनदा मोजल्या. बावन्न.

डांबरी रस्त्याला पोचलो तेव्हा ऊन फक्त शेंड्यांवर उरलं होतं. प्रशांतने हॉर्न वाजवला, मी पायवाटेच्या तोंडाशी उभा राहून ओरडलो, "ताई! वैशालीताई!" पुन्हा पुन्हा. घसा बसला. बॅटऱ्या घेऊन आत शिरणार, तेवढ्यात वाळली पानं वाजली आणि त्या आल्या. लंगडत, हातात एक काठी, पण आल्या. सरळ. त्याच पायवाटेने, जशी रिबनींची वाट होती तश्शी.

प्रशांत धावला. त्यांना रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं, पाणी दिलं, मिठाची गोळी दिली. मी लांबच उभा होतो. जवळ जायची लाज वाटत होती.

"ताई, वाट कशी सापडली तुमाले?" प्रशांतने विचारलं.

"कशी म्हणजे? रिबनी होत्या ना," त्या म्हणाल्या. "आणि ते बाबाजी होते पुढं. तुमचेच आहे ना ते?"

"कोण बाबाजी?"

"म्हातारे. बंडी अन् धोतर. मी काही त्याईले गाठू शकली नाही, लांबच राहत. झाडापाशी उभे दिसत, फांदीवर हात. मी तिथं पोचू तर रिबन. मग पुढच्या झाडापाशी. मी थांबली की हाक देत, 'ये वं बाई, ये.' फाट्यावर मी चुकीकडे वळली, तर दोनदा दिली हाक."

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आपला कोणी नाही.

'ये वं बाई, ये'... पाचपावलीच्या घरी कांड्या भरायला शेजारच्या बाया यायच्या. दारातून आत यायला लाजायच्या. बाबा मागावर बसूनच हाक द्यायचे. पण ठीक आहे, असं आमच्याकडे कोणताही म्हातारा म्हणेल. बंडी-धोतरही कोणीही घालेल. गावातला एखादा गुराखी असेल, असं मी मनाशी म्हणत होतो. खरंच म्हणत होतो.

मग ताईंनी मूठ उघडली. "ही शेवटची, रोडाजवळची. आठवण म्हणून काढली. गाठ काही सुटली नाही मले, फांदीवरून तशीच सरकवली."

नारिंगी रिबन. आमचीच, त्याच रुंदीची. मी ती हातात घेतली. सवयीने, कसलाही विचार न करता, उजवं टोक ओढलं.

गाठ आवळली.

आणि पुढची हालचाल हाताने केली, मी नाही. 'उजवं नाही गा, डावं.' डावं टोक ओढलं. गाठ सुटली, रिबन माझ्या तळहातावर सरळ पडली. मी तिच्याकडे पाहतच राहिलो... सोडायला नको होती. जगात दाखवण्यासारखा तेवढाच एक पुरावा होता आणि तो मी सवयीने सोडून टाकला. त्रेपन्नावी रिबन.

गेलो ताईंपुढे, हात जोडले. म्हटलं, "ताई, सारी चूक माझी आहे. मी स्वीप. मागं नीट पाहिलं नाही अन् रिबनी काढल्या. तुमाले जे बोलायचं ते बोला."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बोलणारच होती भाऊ. मागून कोणीच आलं नाही, तवा मले कळलंच, ती हाक स्वीपची होती. मास्तरीण आहो, सारा रस्ता शब्द जमवत आली मी. पण रोड दिसला तसे ते बाबाजी थांबले. तोंड नाही फिरवलं. पाठमोरेच म्हणे, 'त्याले काही म्हणू नको वं बाई. रातभर जागा आहे तो.'"

बोलेरोचं इंजिन तेवढं चालू होतं.

"तुम्ही जागे होते का भाऊ रात्री?" ताईंनी साधं विचारलं, जसं कोणी तब्येत विचारतं.

प्रशांत माझ्याकडे बघत होता. सकाळचे 'आठ घंटे' त्याला आठवत असणार. मला दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. "हो," म्हटलं, "होतो." आणि मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, नातू आहे मला, लहान पोरासारखा हमसून रडलो. ताईंनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे आठ दिवस मी जे करता येतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी तो आठ किलोमीटरचा टप्पा उन्हात पुन्हा चाललो. एका झाडाला रिबन नाही, दोरा नाही. जवळच्या दोन्ही गावांत विचारलं. त्या रविवारी गुरं दुसऱ्या बाजूला होती, म्हणाले. ग्रुपमधल्या एकेकाला विचारलं. विकत आणलेलं रिबनीचं बंडल मोजलं, तर उरलेलं माझ्या घरी तसंच होतं.

तुम्ही म्हणाल, थकलेल्या बाईला भास झाला. होतात, अल्ट्रात होतात, मला स्वतःला अडतिसाव्या किलोमीटरला झाडाखाली फ्रिज दिसलेला आहे. पण भासाने एवढ्या दाट जंगलातून बरोबर वाट दाखवावी? भासाची गाठ दुसऱ्याच्या बोटांना लागावी? आणि समजा तेही मान्य. पण मी जागा होतो, हे तिला कोणी सांगितलं? यावर येऊन माझं डोकं थांबतं. रोज तिथेच थांबतं.

काटा हलला एवढं मला माहीत आहे. मीटर कशाला लावला होता ते माहीत नाही.

प्रशांतने मला ग्रुपमधून काढलं नाही. वर्षभर स्वीप नाही, फक्त चहाचं टेबल, असं ठरवलं. बरोबर केलं त्याने. परवा सरावाला भेटला तर सवयीने विचारतो, "भाऊ, झोप झाली ना?" मी म्हटलं, "नाही गा, चारच घंटे झाली." आता याबाबतीत खोटं बोलायची सोय राहिली नाही.

मी घरी बसून कधी कधी नाडीच्या तुकड्यावर ती गाठ डाव्या हाताने मारून पाहतो. जमत नाही. उजवीचीच पडते.

रिबन सुनंदाने देवघरात ठेवली आहे. रोज तिच्यावर हळदकुंकू वाहते. मी हसत नाही.